देवाने नेलेला दोरा

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, चोपड्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, वज्रदंत महाराजांनी पंधरा वर्षांच्या कामिनीला स्टुलावर उभं केलं आणि तोंड उघडायला सांगितलं. पाच-सहाशे माणसं माना उंचावून पाहत होती. पंधरवड्यापूर्वी तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि महाराजांनी त्या दातांभोवती मंतरलेला दोरा घातला होता. आता फट नव्हती. दोराही नव्हता.

"दोरा माझा, दात देवाचा," महाराज माइकवर म्हणाले. "काम झालं की देव आपला दोरा उचलून नेतो. ना तार, ना मशीन. बघा, नेला की नाही?"

टाळ्या झाल्या. चौतीस जण आपापले दात घेऊन रांगेत उभे राहिले. देव एवढे दोरे नेऊन करतो काय, हे कुणी विचारलं नाही.

चोपड्यात अकरा वर्षं दात सरळ करणाऱ्या डॉक्टर मेघाला तो व्हिडिओ दुपारपर्यंत नऊ जणांनी पाठवला. मुलगी तिने ओळखली. हीच फट तिने दीड वर्ष तारा लावून मिटवली होती. तारा काढताना बजावलं होतं की दात नव्या जागी रुजायला वेळ लागतो, दात जागेवर धरणारी प्लेट रोज रात्री घालायचीच. फायलीत तिने आणखी एक नोंद केली होती: दात सरकताना मुळांची टोकं झिजून आखूड झाली आहेत, यापुढे या दातांवर जोर नको.

पण श्रावणात घरी खानदेशातली देवी, कानबाई, बसली. तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, खायच्या दिवसांत उष्टी वस्तू पुन्हा तोंडात नको म्हणून कामिनीच्या आईने, मंजुळाबाईंनी, प्लेट काढून ठेवायला लावली. रोट पुनवेपर्यंत चालले. नंतर प्लेट दातांवर बसेना, आणि हे दवाखान्यात कुणी कळवलं नाही. दिवाळीपर्यंत फट परत आली. डॉक्टरचं काम कच्चं, असं घराने ठरवून टाकलं.

मेघाने त्याच दुपारी कामिनीच्या वडिलांना, पितांबरभाऊंना, फोन करून मुलीला लगेच आणायला सांगितलं. केळीची कापणी चालू आहे, आणि फट मिटल्यावर बघायचं काय राहिलं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मेघाने आणखी दोनदा फोन केला. त्यानंतर केला नाही, आणि हे तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

महिन्याने ते आले. कामिनीने तोंडावर ओढणी धरली होती. पुढचे दोन दात शेजारच्यांपेक्षा लांब दिसत होते, हिरडी सुजली होती, बोट लावलं की दात हलत.

"डॉक्टरबाई, दोरा देवनी नेला, सारा गावनी दखं," पितांबरभाऊ म्हणाले. "फट बी मिटनी. फक्त पोरना दात हालतस."

"भाऊ, देवाने नेला तर कुठे नेला?"

एक्स-रेमध्ये मुळांभोवतीचं हाड अर्ध्याहून जास्त झिजलं होतं. दोरा दिसत नव्हता. असल्या वस्तू एक्स-रेत दिसत नाहीत. मेघाने भूल दिली, हिरडी जरा उघडली आणि चिमट्याने एक पारदर्शक रबराचं कडं बाहेर काढलं.

"हे तर रबर शे," पितांबरभाऊ म्हणाले.

मेघाने तसंच एक कडं ओलं करून, नमुन्यासाठी ठेवलेल्या एका काढलेल्या दातावर चढवलं आणि दात त्यांच्या हातात दिला. मूळ गाजरासारखं टोकाकडे निमुळतं असतं. कडं आवळत आवळत टोकाकडे सरकलं आणि गळून पडलं. तोंडात ते असंच हिरडीखाली शिरतं, तिने सांगितलं. आधी दात ओढून फट मिटवतं, मग मुळाभोवतीचं हाड खात वर जातं.

"केळीले आधारले पट्टी बांधतस तसं वाटनं माले," ते हळूच म्हणाले.

"मी आता हिरडी शिवेन, भाऊ. दात राहतील की जातील, सांगता येत नाही. पण गावात एवढं सांगा. कुणी म्हणालं वस्तू नाहीशी झाली, तर हात जोडायच्या आधी ती गेली कुठे ते विचारा. शोधा. सापडली नाही तरी शोधा."

कामिनीने ओढणीआडून विचारलं, "मॅडम, दहावीचा फोटो काढायचाय. तोवर राहतील का?"

मेघाने तारेने ते दोन दात शेजारच्या दातांना बांधले.

पितांबरभाऊंनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. महाराजांचं नाव दीपक निघालं. तो पूर्वी धुळ्यात एका दंतवैद्याकडे मदतनीस होता. तारांवर लावायची ही रबरं त्याने तिथे हाताळली होती. शेडला कुलूप आहे. दीपक सापडलेला नाही.

रांगेतल्या चौतिसांपैकी अकरा जण तपासून घ्यायला आले, सहा जणांच्या हिरडीत कडं निघालं. तेवीस जण आलेले नाहीत. दोरा गेला, म्हणजे काम झालं, असं त्यांच्यातल्या काहींनी फोनवर सांगितलं.

कामिनीचा डावा दात घट्ट होऊ लागला आहे. उजवा शनिवारी तपासला, तेव्हा हलत होता.