मागच्या सीटला ब्रेक नसतो

कालव्याच्या कडेचा तो रस्ता सगळ्यांचा, म्हणजे कुणाच्याच बापाचा नाही. एका बाजूला पांढऱ्या रंगाने चालणारा माणूस काढलाय, दुसऱ्या बाजूला सायकल. चालणारे सगळे सायकलीवरून चालतात. मी चौथीत शाळा सोडली, पण चित्र मलाही कळतं. या शिकल्यासवरलेल्यांना कळत नाही.

अंधार पडला की बायका चौघी-चौघी हातात हात घालून निघतात, सुनांची उणीदुणी काढत. एक गृहस्थ काळी पँट घालून काळा कुत्रा फिरवतात. मधली दोरी कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी लांब, तीही काळी. पोरांच्या कानात गाण्यांचे बोळे. घंटी वाजवली तर अर्धे डावीकडे पळतात, अर्धे उजवीकडे, आणि एक हमखास मधोमध उभा राहून मागे वळून बघतो. नाही वाजवली तर सगळे मिळून आईबाप काढतात.

हे मी बाकावर बसून बघायचे. मांडीवर थोरल्याची पांढरी काठी, शेजारी पाण्याच्या बाटल्या. थोरला म्हणजे माझा मुलगा. मुलामा देण्याच्या कारखान्यात कामाला होता, तिथे रसायन उडून दोन्ही डोळे गेले. त्यानंतर तो खुर्चीत बसला आणि घर त्याच्याभोवती बसलं. रडणं झालं, औषधं झाली, पाहुणे येऊन हळहळून गेले. पुढे पुढे कुणाला काही वाटेनासं झालं. काही वाटायलाही अंगात जोर लागतो.

मग सायकल शिकवणारे मास्तर एक लांबलचक सायकल घेऊन आले. तिला दोन सीटं. हँडल, ब्रेक, घंटी सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याने नुसती पॅडलं मारायची. मागे थोरला बसला, पुढे धाकटी, माझी मुलगी. पहिल्या दिवशी थोरला घामेजून उतरला आणि हसला. ते हसू बघून मी ठरवलं, हे चालू राहिलं पाहिजे. अंधांच्या सायकल संघाची निवड चाचणी महिन्यावर आली होती. निवडला गेला तर संघात, नाही तर पुन्हा खुर्चीत.

धाकटी दिवसभर कपड्यांच्या दुकानात उभी असते. सुटेपर्यंत अंधार पडतो. मोठ्या रस्त्यावर ट्रक, म्हणून हा रस्ता. थोरल्याला अंधार-उजेड सारखाच. तो मागून ओरडायचा, वेग का कमी केलास? ती म्हणायची, माणसं आहेत. मग घंटी मार ना. मारली. मीही तिलाच बोलायचे, की ब्रेक दाबून दाबून झिजवलास, वरात निघाल्यासारखी काय चालवतेस. ती उलट बोलायची नाही. मला वाटायचं, ऐकतेय.

एकदा त्या कुत्रेवाल्या गृहस्थांनी मला हटकलं. "आजी, आंधळ्याला घेऊन अंधारात कशाला येता?"

मी म्हटलं, "त्याला दिसत नाही म्हणून तो मागे बसलाय. तुम्हाला दिसतंय ना, मग बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. तेही सायकलच्याच बाजूला.

एके दिवशी दोघं परत आली तेव्हा थोरला खुशीत होता. आज कुठे थांबावं लागलं नाही म्हणाला. तो पाणी पीत असताना धाकटी मला नळाकडे घेऊन गेली. तिने तोंडावर पाणी मारलं आणि सांगितलं, की एक छोटं पोर आईचा हात सोडून मध्ये आलं होतं, चाकापासून वीतभरावर.

"मग?"

"मग काही नाही. ते आपणहून मागे सरकलं. मी ब्रेक दाबला नाही, आई."

"हात अडकला का?"

"नाही. बोटं ब्रेकवरच होती. मला काही वाटलंच नाही. आत्ताही वाटत नाहीये."

आज दुकान उशिरा बंद झालं असं सांगावं, तसं सांगितलं तिने. मी तिचं तोंड बघितलं. पोरांची तोंडं मला वाचता येतात, ताप येण्याआधीची, खोटं बोलण्याआधीची. त्या तोंडावर काहीच नव्हतं. थोरल्याचे डोळे गेले असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना, इथे चहा कुठे मिळतो, असं विचारलं होतं. तेव्हा माझं तोंड असंच असणार.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी थोरल्याला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवून बोलणं मला जमत नाही. तो फडक्याने चेन पुसत होता, पुसतच राहिला.

"मला माहीत आहे," म्हणाला.

"त्या पोराचं?"

"तिचं. दोघांची पॅडलं एका चेनने जोडलेली असतात, आई. तिने जोर लावला की माझ्या पायाला कळतं. बरेच दिवस झाले, तिचे पाय नुसते फिरतायत."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ती थांबली असती."

त्याला एक ठेवून द्यावी असं वाटायला हवं होतं, नाहीतर जवळ घ्यावं असं. दोन्ही झालं नाही. मी गॅस बंद केला.

पुढे बसायला दुसरं कुणी मिळतं का, ते मास्तरांचं आधीच बघून झालं होतं. ज्याला चांगली चालवता येते, त्याला स्वतःची शर्यत असते.

फडकं घडी करून थोरला म्हणाला, "मी कंटाळलो असं सांग तिला. पोराचं मला कळलंय, हे सांगू नकोस."

खोटं बोलायची मला कधी गरज पडली नाही. मी खरं बोलले की लोक गप्प बसायचे.

संध्याकाळी ती आली आणि खुंटीवरचं हेल्मेट काढलं. मी सांगितलं, आज जायचं नाही, उद्याही नाही. तो कंटाळलाय. मला वाटलं ती भांडेल, चाचणीचं काय विचारेल, निदान त्याच्याकडे बघेल.

"बरं," म्हणाली. हेल्मेट परत अडकवलं. "जेवायला काय आहे?"

मास्तरांना फोन मीच केला. ते म्हणाले, अशी संधी पुन्हा यायची नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

तिघं एकत्र जेवायला बसलो. दोन घास खाऊन धाकटी बसल्या जागीच झोपली, हात भातावर लोंबत होता. थोरल्याने विचारलं, ती गप्प का? मी म्हटलं, झोपली. त्याने चाचपत हात पुढे नेला, तिचं ताट शोधलं आणि आवाज न करता बाजूला सरकवलं.