वैद्यबुवांचा हात

“काका, परत तेच! चढावर रेस दिली की गाडीला हुडहुडी भरतेय.”

नर्सबाई गाडीचं दार सताड उघडं टाकूनच गॅरेजात शिरल्या. वैद्यबुवांचा चेहरा पडला. एकच दुखणं घेऊन गाडी परत यावी, असं त्यांच्या उभ्या हयातीत झालं नव्हतं. मागच्याच आठवड्यात त्यांनी या गाडीच्या इंजिनाखालचे रबर बदलले होते आणि “आता बिनघोर जा” असं छातीठोक सांगितलं होतं.

वैद्यबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पडलं त्यांच्या खोडीमुळे. बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडून पाना घेऊन भिडायचे. हे मात्र आधी शेजारच्या सीटवर बसणार, डोळे मिटणार आणि गिअरच्या दांडीवर तळहात ठेवून गाडीची नाडी बघणार. हात सांगेल ते खरं. बायको होती तेव्हा चिडवायची, “माझा हात कधी इतका वेळ धरलात का हो?” ती गेली, आणि घरात चिडवणारं कुणी उरलं नाही. गॅरेज होतं म्हणून दिवस तरी जायचा. लोक यायचे, “वैद्यबुवा, जरा हात लावा” म्हणायचे, आणि तेवढ्यावर माणूस संध्याकाळपर्यंत तग धरतो.

“मला आईकडे जायचंय हो,” नर्सबाई म्हणाल्या. “ती एकटीच असते, आणि तिच्या गावचा रस्ता म्हणजे नुसता चढ. मध्येच बंद पडली तर?”

“बसा, बघू या.”

दोघं गाडीत बसले. इंजिन सुरू झालं. वैद्यबुवांनी डोळे मिटले, तळहात दांडीवर ठेवला.

“ही बघा. उभ्या गाडीत थरथरतेय. रबरच नीट बसले नसणार.”

“उभ्या गाडीत? छे हो. उभी असताना काहीच नसतं. रेस दिली तरच.”

“सिस्टर, तुम्ही सुया टोचा, गाडीचं मला कळतं.” बुवा जरा फणकारलेच. “स्वच्छ लागतेय हाताला.”

नर्सबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग किल्ली फिरवून काढून घेतली. इंजिन बंद झालं.

“आणि आता, काका?”

“आहेच की अजून,” वैद्यबुवा म्हणाले.

म्हणाले, आणि डोळे उघडले. समोरचे दिवे विझलेले. किल्ली नर्सबाईंच्या मांडीवर. आणि दांडीवरचा त्यांचा हात बारीक थरथरत होता.

त्यांनी तो झटकन उचलला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला. काही उपयोग झाला नाही.

“कधीपासून होतंय?” नर्सबाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

“काय माहीत.”

“घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?”

“घरी कोण आहे, सिस्टर? भिंती?” त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही. त्यांना भीती वाटली. हाताची वाटली, आणि त्याहून जास्त याची, की कोण जाणे किती दिवस आपण थरथरतोय आणि हे आपल्याला सांगायला जगात एक माणूस नाही.

ते खाकरले. “रस्त्यावर घ्या गाडी. आज नाडी तुम्ही बघायची. मी नुसतं विचारणार.”

कोपऱ्यावरच्या चढाला गाडी लागली. नर्सबाईंनी रेस दिली तशी गाडी अंगात आल्यासारखी हलायला लागली.

“झटके बसतायत, की डगमगतेय?”

“डगमगतेय. डावीकडे.”

“पाय काढा. गेलं?”

“गेलं!”

“म्हणजे इंजिन सुटलं निर्दोष. चाकाला जोर पोचवणारा दांडा असतो ना, त्या एक्सलचा आतला जॉइंट झिजलाय. जोर पडला की तो नाचतो.”

गॅरेजात परतून ते गाडीखाली सरकले. डाव्या जॉइंटचं रबरी आवरण फाटून चिंध्या झालेलं, ग्रीस चौफेर उडालेलं. मागच्या वेळी नुसतं खाली वाकून बघितलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. पण हाताने सांगितलं होतं ना! मग डोळ्यांना कोण विचारतो?

नवीन जॉइंट बसवायला त्यांना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. नट आट्यांवर बसेना. हातून निसटून गडगडत गेला. नर्सबाई उचलायला वाकल्या.

“राहू द्या,” बुवा म्हणाले. “माझं मी करतो.”

कोपर जमिनीवर टेकवलं, मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि नट बसवला. मग पुन्हा तोच चढ. या खेपेला गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. नर्सबाईंना हायसं वाटलं.

“आईकडून आले की तुम्हाला आमच्या डॉक्टरांकडे नेणार आहे,” त्या निघताना म्हणाल्या. “गुपचूप यायचं. सबबी चालणार नाहीत.”

“आधी आईला भेटा. ती वाट बघत असेल.”

गाडी वळणाआड गेली तरी बुवा दारातच उभे होते.

घरी येऊन त्यांनी चहा टाकला. कप सवयीने अर्धाच भरला, आणि मग ते थबकले. आपण अर्धा कप कधीपासून प्यायला लागलो? ही होती तेव्हा तर काठोकाठ भरून द्यायची. हाताने आपल्या नकळत कधीच सांभाळून घ्यायला सुरुवात केली होती.

त्यांनी कप काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी उचलून टेबलाकडे निघाले. निम्म्या वाटेतच चहा बशीत आला, बशीतून फरशीवर.

“सांडला गं,” ते मोठ्याने म्हणाले.

आणि कुणी रागावतंय का म्हणून, कप हातात धरून, थोडा वेळ तसेच उभे राहिले.