हळू आवाजात

"अगं, मी समोरच बसलेय. हातभर अंतरावर," खोलीतली जोडीदारीण दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली. "एवढं ओरडायला काय झालं?"

"मी कुठे ओरडतेय?" ती म्हणाली, आणि पलीकडच्या खोलीतून भिंतीवर धपकन थाप पडली.

वसतिगृहात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता, आणि अख्ख्या मजल्यावर तिचं नाव भोंगा पडलं होतं. आपलं चुकतंय कुठे, हेच तिला कळेना. तिचे वडील पिठाची गिरणी चालवायचे. पुढच्या खोलीत गिरणी, मागच्या दोन खोल्यांत घर आणि मध्ये एक पातळ भिंत. सकाळी गिरणी सुरू झाली की फळीवरच्या भांड्यांपासून अंथरुणापर्यंत सगळं थरथरायचं. त्या घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. भांडण आणि लाड दोन्ही एकाच पट्टीत चालत. आई 'तुला म्हणून सांगते' असं म्हणून जे सांगायची, ते रांगेतल्या गिऱ्हाइकांनाही व्यवस्थित ऐकू जायचं. अशा घरात वाढलेल्या मुलीला कुजबुज कशाशी खातात हे कुठून ठाऊक असणार?

पहिल्या महिन्यात तिने बरंच काही ओढवून घेतलं. ती 'हजर' म्हणाली की सर पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत. ग्रंथालयात तिने शेजारणीला फक्त वेळ विचारली, तर ग्रंथपालबाईंनी न बोलता दाराकडे बोट दाखवलं. समोरच्या खोलीतल्या मुलीचं कुणाशी तरी जमलंय, ही बातमी तिने जोडीदारणीला अगदी विश्वासात घेऊन सांगितली, आणि ती गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या त्या मुलीनेही ऐकली. त्यानंतर जेवायला बसल्यावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. याचं तिला फार वाईट वाटलं. कपाटाकडे तोंड करून ती रडली, आणि तेही सगळ्या मजल्याला कळलं.

तरी बरं, घरून निघताना वडिलांनी एक वाट मोकळी ठेवली होती. तिची बॅग गाडीत चढवता चढवता ते म्हणाले होते, "पहिली सहामाही काढ. घरी आलीस की मी विचारीन, रमलीस का म्हणून. तेव्हा खरं सांगायचं. नाही म्हणालीस तर चारचौघांची पर्वा न करता परत घेऊन येईन." हे आठवून ती दिवस ढकलत होती. उत्तर तर ठरलेलंच होतं.

तिला ताळ्यावर आणलं ते जोडीदारणीनेच. कंटाळून ती एकदा म्हणाली, "हे बघ, आपल्या दोघींच्या मध्ये एक तान्हं बाळ झोपलंय असं समज, आणि मग बोल."

"कोणाचं बाळ?"

"कोणाचं का असेना, बाई! तू त्याला उठवू नकोस म्हणजे झालं."

सुरुवातीला ते बाळ दिवसभर उठतच राहिलं. "उठलं बघ," जोडीदारीण म्हणायची, आणि ती जीभ चावायची. हळूहळू जमायला लागलं. हळू बोललं की माणसं जरा जवळ सरकून ऐकतात, हा तिला नवाच शोध लागला. बोलताना मध्येच थांबताही येतं, थांबलं तरी कुणी आपलं वाक्य बुडवत नाही. शेजारची खुर्ची भरू लागली. समोरच्या खोलीतल्या मुलीने तिला माफ केलं, इतकंच नाही, तर पुढची बातमी स्वतःच येऊन सांगितली. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहण्यात तिचे तासच्या तास जाऊ लागले. ठरवून ठेवलेलं उत्तर कधी बदललं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

घरून फोन यायचा तो आईचा.

"बाबा कुठेत?"

"इथेच, गिरणीवर. एवढ्या आवाजात त्यांना काय डोंबल ऐकू येणार? विचारतायत, जेवतेस ना नीट?"

"जेवते म्हणावं."

वडील एकदाही फोनवर आले नाहीत. तिला राग यायचा, पण गिरणीपुढे कोणाचं काय चालणार, म्हणून ती सोडून द्यायची.

सहामाही संपली आणि ती घरी गेली. दारातच आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "घसा बसलाय का गं?"

"नाही गं. मी आता अशीच बोलते."

"ऐकलंत का?" आई नवऱ्याच्या दिशेने ओरडली. "पोरगी सुधारली तुमची!"

ऐन गर्दीची वेळ होती. गिऱ्हाइकं डबे घेऊन रांगेत उभी होती. वडील पापण्यांपर्यंत पिठाने माखले होते. तिला पाहताच त्यांनी हात झटकले, आणि बटण दाबून गिरणीच बंद केली. गिऱ्हाईक उभं असताना गिरणी थांबलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. पट्टा सावकाश थांबला. वडिलांनी स्टूल ओढलं आणि ते तिच्या समोर बसले.

"हं. आता निवांत बोल. रमलीस?"

"रमले, बाबा," ती म्हणाली. "मैत्रिणी झाल्यात. अभ्यासही आवडतोय. पण तुम्ही एकदासुद्धा फोनवर आला नाहीत."

"छान, छान," वडील म्हणाले.

ती बघतच राहिली. ते एकटक तिच्या ओठांकडे पाहत होते. अभ्यास न केलेला मुलगा सरांकडे पाहतो, तसे. तिने आवाज तेवढाच ठेवला.

"बाबा, मी कॉलेज सोडून परत येऊ का?"

"छान," ते हसून म्हणाले. "असंच चालू दे."

गिरणी बंद होती. साधा पंखाही फिरत नव्हता. रांगेतल्या म्हातारबुवांनी तिचा प्रश्न ऐकला होता. ते घाईघाईने आपल्या डब्याकडे पाहू लागले. दाराशी उभ्या आईने मान खाली घातली. म्हणजे आईला माहीत होतं. इतकी वर्षं सगळं त्या यंत्राच्या आवाजावर ढकललं गेलं होतं, आणि यंत्र थांबलं तरी वडिलांना काही ऐकू येत नव्हतं. आपण हळू बोलायला शिकलो आणि यांच्यापासून आणखी लांब गेलो, असं तिला वाटलं.

तिने छाती भरून श्वास घेतला.

"रमले, बाबा! मला तिकडेच शिकायचंय! पण तुमची फार आठवण येते!"

रस्त्यावरून जाणारे दोघे थबकून वळले. वडिलांचा चेहरा उजळला. शब्द न् शब्द पोहोचला होता. तिच्या डोक्यावर हात ठेवायला ते पुढे झाले, हाताचं पीठ पाहून थांबले, आणि मग त्यांचं लक्ष रांगेकडे गेलं. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते.

"अगं, एवढं ओरडतेस कशाला?" ते म्हणाले. "मी काय बहिरा आहे?"

रांगेतलं कोणीच हसलं नाही.

"नाही, बाबा!" ती तेवढ्याच जोरात म्हणाली.

ते उठले, म्हातारबुवांचा डबा उचलला आणि त्यांनी गिरणी सुरू केली.