हरेश्वरचा रणगाडा

कुशाबा पालवला एक गोष्ट मुळीच खपत नसे, ती म्हणजे नवा कोरा रणगाडा. परळच्या चाळीतल्या त्याच्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर वीत-वीतभर लांबीचे रणगाडे ओळीने उभे असत आणि त्यातला एकही धड स्वच्छ नव्हता. एकाच्या पट्ट्यांत चिखल वाळलेला, दुसऱ्याच्या मागे धुराची काजळी, तिसऱ्याचा हिरवा रंग उन्हाने विटलेला. शेजारी म्हणत, एवढा सुबक रंग दिलास आणि वर माती काय फासतोस? कुशाबा चष्मा कपाळावर चढवून सांगे, "रंग कोणीपण देतो रे. मळवायला अक्कल लागते."

बोलणं फुशारकीचं होतं, पण खोटं नव्हतं. संपाआधी कुशाबा मिलमध्ये साचेवाला होता. साचा म्हणजे कापड विणायचा माग. संप झाला, मिलचं फाटक बंद झालं ते त्याच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. दोन वर्षं हात चोळत बसल्यावर त्याने गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचा धंदा धरला, आणि त्यात पोट भरू लागलं. पुढे एकदा रे रोडला, मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान विकतात तिथे, त्याला एक खोका सापडला. कुणा खलाशाने अर्धाच जोडून सोडलेला प्लास्टिकचा रणगाडा होता. कुशाबाने तो पुरा केला आणि त्याला चटक लागली. नंतरचे त्याने घरीच घडवले. प्लास्टिकच्या पत्र्याचं अंग, रिफिलीची तोफ. गेरू, खडू आणि विटेची पूड चाळून तो धूळ करी आणि ती कुंचल्याने अशी बसवी की बघणाऱ्याने आपले हात झटकावेत.

दादरच्या एका हॉलमध्ये भरलेल्या प्रदर्शनात त्याच्या रणगाड्याभोवती घोळका जमला आणि त्याला बक्षीस मिळालं, तेव्हापासून तर त्याचा पाय जमिनीला लागत नव्हता. बायको रमाबाई म्हणे, "घरातली धूळ पुसून पुसून माजे हात मोडले, आनि ह्यांका बक्षीस धूळ फासल्याबद्दल."

त्या चाळीत मासे घेऊन येई गुणवंती कोळीण. कफ परेडच्या मच्छीमार नगरात तिचं घर, पण गिऱ्हाईक सगळं परळचं. संपाच्या दिवसांत चाळीत चूल पेटण्याची मारामार होती, तेव्हाही तिने यायचं सोडलं नव्हतं, आणि पैसे नसले तरी मासे दिल्याशिवाय ती कधी परत गेली नाही. चाळ हे विसरली नव्हती. कुशाबा तर नाहीच नाही.

होड्या बंद असतात त्या पावसाळी दिवसांत गुणवंती एकदा सुकट घेऊन आली. टोपली दारात ठेवून ती आत आली आणि फळीसमोर उभी राहिली. मग कमरेच्या पिशवीतून तिने प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक फोटो काढला. फोटोत रणगाडा होता आणि त्याला टेकून एक तरुण उभा होता. तो तिचा मुलगा हरेश्वर. समुद्रावर वाढलेला पोरगा फौजेत गेला आणि वाळवंटात रणगाडा चालवू लागला, याचं साऱ्या कोळीवाड्याला नवल होतं. काही वर्षांपूर्वी सुट्टीवर घरी निघालेला असताना वाटेत जीप उलटली आणि तो गेला.

"त्याची ट्रंक घरी आली, बूट आले, कपडे आले," गुणवंती म्हणाली. "गाडा तेवढा तिकडंच राहिला. पत्रात नुसता गाड्याचाच विषय असायचा त्याचा. दसऱ्याला फोटोम्होरं ठेवायचाय मला. पन त्याचाच पायजे, कुशाबादादा. दुसऱ्या कोनाचा नको."

"बाय, तू बघच," कुशाबा म्हणाला. "असा करतो, की आतून त्याने हाक मारली पायजे."

बोलून गेला खरा. पण कुशाबा बोलला की करणारा माणूस होता. भिंग लावून त्याने फोटोतल्या पट्ट्यांची एकेक कडी मोजली. फोटोत न दिसणारी मागची बाजू जुन्या मासिकातल्या चित्रांवरून काढली. पुढचं झाकण, ज्यातून चालक डोकं बाहेर काढतो, ते उघडमीट होईल असं बसवलं. आणि मग त्याने मळवायला घेतलं. वाळवंटातली फिकट धूळ त्याला आजवर कधी जमली नव्हती इतकी जमली. तळाशी दाट, वर विरळ, आणि झाकणाभोवती तेलकट डाग. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गुणवंती आली तेव्हा त्याने रणगाडा पाटावर ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

गुणवंतीने बराच वेळ पाहिलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, जिभेवर ओलं केलं आणि शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसतात तसं रणगाड्याचं नाक खसाखसा पुसलं. कित्येक दिवसांची धूळ तिच्या पदरात गेली.

"अगो, हात लावू नको," कुशाबा ओरडला. "धूळ आहे ती. बसवलेली आहे."

"माजा हरेश्वर असा गाडा ठेवनारा नवता."

"वाळवंट आहे ते, बाय. धूळ बसणारच."

"बसनारच. म्हनून पुसायचा. आमची होडी काय मळत नाय? रोज धुतल्याबिगर घरी येत नाय कोन." तिने फोटो उचलून त्याच्यापुढे धरला. "त्याच्या हातात काय हाय, सांग."

"टोपी."

"टोपी डोक्यावर हाय त्याच्या."

कुशाबाने भिंग घेतलं. टोपी डोक्यावरच होती. हातात होतं ते फडकं. काळपट, चुरगळलेलं, पुसता पुसता कुणी हाक मारली म्हणून मुठीत तसंच राहिलेलं फडकं. दोन महिने तो हा फोटो बघत होता.

"नाय जमत तर ऱ्हाऊ दे," गुणवंती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच कुशाबाला जास्त लागलं. "फोटो दे माजा."

"फोटो राहू दे," तो म्हणाला. "दसऱ्याला गाडा घेऊन मीच येतो."

ती गेल्यावर तो रमाबाईवर उगाच खेकसला. या बायकांना कलेतलं काय कळतं, धूळ काढली तर उरलं काय, वगैरे. रमाबाईने भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, "तुमी गाडो बघितलात. त्या पोराक बघूक नाय." आपल्या घरात आपल्यालाच कोणी असं सुनावावं याचा कुशाबाला संताप आला.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी धूळ धुऊन काढली. नवा रंग दिला. रणगाडा लख्ख झाला आणि जत्रेतलं खेळणं दिसू लागला. त्याच्यात कुणी बसलंय असं वाटेना, आणि कधी कुणी बसलं होतं असंही वाटेना. मळका चालत नव्हता, कोरा शोभत नव्हता. आजवर मळवण्यात ज्याचा हात कुणी धरला नाही, तो कुशाबा कुंचला धरून नुसताच बसला. बायकोच्या देखत हरणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि गुणवंतीपुढे तर त्याहून नाही.

नवरात्रातले दिवस जात होते. खाली चाळीच्या दारात झेंडूचे ढीग येऊन पडले. त्यांचा वास वर आला आणि कुशाबाला मिलमधली खंडेनवमी आठवली. त्या दिवशी साचेखात्यात प्रत्येक जण आपापला साचा पुसत असे. सांदीसांदीतला कापूस काढायचा, रॉकेलच्या फडक्याने लोखंड चमकवायचं, मग हार, नारळ. कुशाबाचा साचा ओळीत सगळ्यांत चकचकीत असे, आणि तरी त्याला नवा कुणी म्हटलं नसतं. साचा सुरू करायच्या दांड्यावर त्याचा तळवा जिथे पडे तिथला रंग केव्हाच उडाला होता आणि खालचं लोखंड आरशासारखं झालं होतं. फडकं पोचत नाही अशा कोपऱ्यांत तेलात भिजलेला कापूस काळा होऊन बसला होता. दुसऱ्याच्या साच्यावर डोळे मिटून हात ठेवला असता तरी त्याला कळलं असतं, हा आपला नव्हे.

आणि मग त्याला हेही आठवलं, की संपाच्या आदल्या पाळीला त्याने साचा पुसला नव्हता. आठ-पंधरा दिवसांत परत यायचंच आहे, आल्यावर पुसू, असं म्हणून तो निघाला होता. त्याला फार वाईट वाटलं. तो साचा आता कुठल्या भंगारात असेल याचा विचार त्याने इतकी वर्षं केला नव्हता, तो एवढ्यात करून टाकला आणि डोळे पुसून कामाला लागला.

आता हात कसा चालवायचा ते त्याला ठाऊक होतं. आधी सांदीकोपऱ्यांत पातळ काळा रंग सोडला आणि बाकीचं अंग कपड्याने पुसून काढलं, रोज पुसतात तसं, एकाच दिशेने. मग पेन्सिलीचं शिसं उगाळून त्याची पूड बोटाच्या टोकावर घेतली. फोटोत फडकं डाव्या हातात होतं. म्हणजे पोरगा डावरा. झाकणातून चढता-उतरता तो डाव्या हाताने कड धरत असणार. कुशाबाने झाकणाच्या डाव्या कडेवर बोट घासलं, इतकं की रंगाखालून लोखंड वर आल्यासारखं दिसू लागलं. उजवी कड तशीच ठेवली.

शेवटी त्याने रमाबाईकडे कात्री मागितली आणि ट्रंकेतून मलमलीचा तुकडा काढला. तो त्याच्याच साच्यावरचा होता आणि त्याला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. त्याने त्याचा नखाएवढा कोपरा कापला, काजळीत बुडवून चुरगळला आणि झाकणाजवळ डाव्या बाजूला टाकला. रमाबाई जवळ येऊन बघून गेली. जाताना तिने मान डोलावली, म्हणजे जमलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी तो मच्छीमार नगरात पोचला तेव्हा होड्यांना हार घातलेले होते आणि दोरीवर बोंबील वाळत होते. गुणवंतीने हात धुतले, पदराला पुसले आणि रणगाडा दोन्ही हातांत घेतला. तोफेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिचं बोट अंगावरून फिरत झाकणापाशी आलं आणि डाव्या कडेवर थांबलं.

"डावरा व्हता तो," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं नवतं."

"फोटोत होतं."

मग तिला फडकं दिसलं. तिने ते उचललं नाही. खाली वाकून जवळून बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, घरात कुणाची तरी चाहूल लागावी तसा.

"आताच पुसून गेलाय," ती म्हणाली.

कुशाबाने खिशातून तिचा फोटो काढून भिंतीला टेकवून ठेवला. गुणवंतीने रणगाडा फोटोपुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. ठेवता ठेवता तिचा हात पदराकडे गेला आणि मध्येच थांबला. त्या दिवशीचं ओरडणं तिच्या लक्षात होतं.

"पुसू नको ना?"

आपल्या रणगाड्यांना बायकोलाही हात लावू न देणारा कुशाबा म्हणाला, "पूस, बाय. रोज पूस. माझं काम इथपर्यंतच होतं."