टाकीच्या वरचा शुक्र

"ती बघ टाकी, तिच्या बरोबर वर," असं म्हणत त्याने हात लांब केला. तो हात वाळत घातलेल्या चादरीला घासून तिच्या कानाशेजारून पुढे गेला.

ती गच्चीतल्या दोरीवरचे चिमटे काढत होती. दिवस नुकताच मावळला होता. टाकीच्या वर आकाश स्वच्छ होतं आणि अगदी रिकामं होतं.

"शुक्र. दिसला?"

"दिसला की," ती म्हणाली.

तो शाळेची बस चालवायचा आणि त्याची बायको त्याच बसमध्ये मुलांची चढउतार सांभाळायची. मुलं त्याला काका म्हणत आणि तिला मावशी, त्यामुळे या नवराबायकोच्या नात्यावरून शाळेत सगळ्यांनी यथेच्छ चेष्टा करून घेतली होती. लग्नाआधी तो रात्रीचे ट्रक चालवायचा. ग्रह ओळखायचा नाद तेव्हाचा. लुकलुकतो तो तारा आणि टक लावून बघतो तो ग्रह, हे त्याने बसमधल्या एकूण एक पोराकडून पाठ करून घेतलं होतं. थंडीत बस अंधारातच निघायची आणि काचेतून एखादा ग्रह दिसला, की गृहस्थांचा वर्ग सुरू व्हायचा.

गेले काही दिवस शुक्र पहाटे उगवत होता. बस उगवतीकडे वळली, की काचेच्या मधोमध लख्ख दिसायचा. नवऱ्याने एकदाही त्याचं नाव काढलं नाही, तेव्हाच ती काय ते समजली होती.

त्याच्या नजरेची शंका तिला आधीपासून होती. म्हणून तर मागची जागा सोडून ती त्याच्या पाठीशी बसायला लागली होती. "डावीकडे सायकलवाला आहे हं." "पुढे खड्डा." गप्पा मारल्यासारखं बोलायची. तो नुसता हुंकार द्यायचा. स्टिअरिंग सुटलं तर हा माणूस घरात बसून करणार काय, या विचाराने तिचा जीव गलबलायचा, आणि मग मागे डुलक्या घेणारी पोरं आठवून स्वतःचीच चीड यायची. आज सकाळी पहिलीतली एक मुलगी बस थांबायच्या आत पुढे आली. "अहो!" म्हणून ती किंचाळली तेव्हा कुठे ब्रेक लागला. मुलीचं दप्तर बंपरला टेकलं होतं. मुलगी हसतच वर चढली. दिवसभरात दोघं त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

"केवढा दिसतोय?" त्याने विचारलं. हात अजून वरच होता.

"रोजच्याएवढा."

त्याने हात खाली घेतला.

"शाळेचा वॉचमन सांगत होता, शुक्र हल्ली संध्याकाळचा दिसतच नाही म्हणून. पहाटे उगवतो म्हणे. तुमच्या काचेसमोरच असेल की, म्हणाला."

तिच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि उगाच बराच वेळ वाकून राहिली.

"तुला रोज दिसत असेल," तो म्हणाला.

"दिसतो."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही दाखवाल म्हणून थांबले होते."

दोरीवर एकटा राहिलेला मोजा त्याने चाचपून काढला आणि तिच्या हातातल्या कपड्यांवर ठेवला. मग खिशातून बसच्या किल्ल्या काढून त्याही तिथेच ठेवल्या.

"शाळेत फोन करायचाय. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा म्हणून. बोलेन मीच, नंबर तेवढा तू लावून दे."

आता गच्चीवर पुरता अंधार झाला होता. तिने मान हलवली. तो तिच्याकडे तोंड करून तसाच उभा राहिला, वाट बघत.

"हो," ती मोठ्याने म्हणाली.