जॅकनं पट्टा सोडला

त्याचं खरं नाव बायकोशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळे त्याला जॅक म्हणत. जॅक म्हणजे गाडी उचलायचा जॅक. घरसामान हलवणं हा त्याचा धंदा, आणि लोक वर्तमानपत्राची घडी काखोटीला मारतात तशी हा गादीची गुंडाळी मारायचा. चर्चच्या मंडळीतही तेच. उपासनेआधी बाकं मांडणारा तो, उपासनेनंतर उचलणारा तो. दुसऱ्या कुणी हात लावला की म्हणायचा, "सोडा हो, उगाच बोट चेंगरेल तुमचं." पाळकसाहेब प्रार्थनेत "प्रभू, आम्ही दुर्बळ आहोत" म्हणाले की जॅक सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणायचा, फक्त मनातल्या मनात स्वतःला त्या 'आम्ही'तून वगळायचा.

मंडळीतल्या संगीतशिक्षिका आपल्या लेकीकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी आपला जुना ऑर्गन प्रार्थनामंदिराला देऊन टाकला. पायानं भाता चालवायचा, भरभक्कम लाकडाचा, आणि सुरांच्या पट्ट्यांवरचं झाकण कधीच गहाळ झालेला. बाई राहायच्या दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका चिंचोळा की समोरून कुणी आलं तर एकानं पोट आत घ्यावं लागायचं.

शनिवारी सकाळी पाळकसाहेब मदतीला फौज घेऊन हजर झाले. फौज म्हणजे ते स्वतः, गुडघे धरून चालणारे; निवृत्त पोस्टमास्तर, कमरेत वाकलेले; बेकरीवाला, ज्याला पिठामुळे बारमाही शिंका; आणि जॅकचा मेहुणा. हा मेहुणा शिंपी होता आणि अंगानं त्याच्या गळ्यातल्या टेपइतकाच. शिवाय जॅकची बायको होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती नवऱ्याला ओळखून होती.

जॅकनं फौजेवर एक नजर टाकली. "तुम्ही असं करा," तो म्हणाला, "खाली थांबा आणि दार धरा."

"भावजी, मी एका बाजूनं धरतो ना," मेहुणा म्हणाला.

"तू शर्टाची कॉलर धर बाबा. तुला झेपेल."

सगळे हसले. मेहुणाही हसला, पण जरा उशिरा.

जॅकनं ऑर्गनला जाड पट्टा गुंडाळला, त्याचं दुसरं टोक स्वतःच्या खांद्यांवरून घेऊन छातीशी बकलानं आवळलं, आणि ऑर्गन पुढे, आपण मागे, असा एकेक पायरी उतरायला लागला. पहिला जिना झकास उतरला. वळणावर मात्र घोडं अडलं. ऑर्गनचा एक कोपरा भिंतीत रुतला, दुसरा कठड्यात. जॅकनं जोर लावला. ऑर्गन थोडा हलला आणि आणखी घट्ट बसला. आता जॅकचं पोट सुरांच्या पट्ट्यांवर दाबलेलं, गुडघा भात्याच्या पेडलवर, पाठ भिंतीला, आणि सगळं वजन खांद्यावरच्या पट्ट्याला टांगलेलं. वर जाता येईना, खाली जाता येईना. त्यानं दम घ्यायला गुडघा हलवला.

'भोंऽऽ' ऑर्गन म्हणाला.

"काय झालं?" खालून पाळकसाहेबांनी विचारलं.

"काही नाही! जमतंय!"

'भोंऽऽऽऽ.'

"अडकलात का हो?" बायकोनं विचारलं.

"छे! जरा विसावा घेतोय."

यावर ऑर्गन असा काही विव्हळला की समोरच्या घराचं दार उघडलं, एका बाईनं डोकं बाहेर काढलं, "कोण वारलं?" असं विचारलं, आणि उत्तर न मिळाल्यानं दार लावून घेतलं.

घामाच्या धारा लागल्या. खांदे थरथरायला लागले. जॅकला हे थरथरणं ठाऊक नव्हतं. ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं त्याला वाटलं. मग कठडा कुरकुरला. पट्टा सुटला तर ऑर्गन थेट खाली, जिथं ही फौज उभी होती. त्यानं डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना केली, "प्रभू, मला शक्ती दे!"

"अहो, शक्ती नका मागू!" खालून बायको ओरडली. "शक्तीनंच तर सगळा घोळ घातलाय!"

पायऱ्यांवर पावलं वाजली. शिंक ऐकू आली. फौज वर चढत होती.

"वर येऊ नका! चेंगराल!" जॅक ओरडला. 'भोंऽऽ'.

"आलोच आहोत," ऑर्गनच्या पलीकडून पाळकसाहेब धापा टाकत म्हणाले. "आम्ही खालून टेकू दिलाय. आता तू बकल काढ."

"काढलं तर हे तुमच्या अंगावर येईल."

"येऊ दे. धरतो."

"तुम्ही? पाळकसाहेब, राग मानू नका, पण तुमच्या हातांवर विश्वास कसा ठेवू?"

"आमच्या हातांवर ठेव म्हणतोय कोण? आमचे हात मीही पाहिलेत," पाळकसाहेब म्हणाले. "पण ज्यानं आजवर असल्याच हातांवर आपलं काम चालवलंय, त्याच्यावर ठेव."

बकल जॅकच्या छातीवर होतं, बोटाच्या अंतरावर. आयुष्यात त्यानं पियानो उचलले होते, तिजोऱ्या उचलल्या होत्या. एवढंसं बकल मात्र उचलवेना. त्याला पहिल्यांदाच कळलं की आपण देवावर भरवसा ठेवतो तो फक्त आपल्याला जमणाऱ्या कामांपुरता. बाकीची कामं आपल्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

"भावजी," मेहुण्याचा आवाज आला, अगदी जवळून, कठड्याच्या फटीतून. "सोडा. मी आहे."

'मी आहे' म्हणणारा हा प्राणी वारा सुटला की सायकलवरून उतरून चालायचा. जॅकला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही. "प्रभू," तो पुटपुटला, "आता तूच बघ. माझ्यानं होत नाही." आणि त्यानं बकल काढलं.

ऑर्गन घसरला. खाली एकच कल्लोळ झाला. "धरा, धरा!" "माझा पाय!" "तो माझा पाय आहे!" बेकरीवाला शिंकला, पोस्टमास्तर ओरडले, बायकोनं सगळ्यांना दम भरला. ऑर्गन एक पायरी उतरला, थांबला, डुलला, आणि मग हळूहळू, वाकडातिकडा, भिंतीचा थोडा रंग घेत खाली गेला. वर जॅक मोकळे हात घेऊन बसला होता. मोकळ्या हातांचं काय करतात हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं ते जोडले.

तो खाली आला तेव्हा फौज पायरीवर बसून हाशहुश करत होती. मेहुण्याचा शर्ट पाठीवर उभा फाटला होता.

"लागलं का रे?" जॅकनं विचारलं.

"नाही. शर्ट काय, घरचाच शिंपी आहे."

जॅक त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. शब्दांचं वजन उचलायची त्याला सवय नव्हती. "सकाळी ते कॉलरचं बोललो," तो शेवटी म्हणाला, "ते चुकलं माझं."

"असू दे हो, भावजी."

"असू दे नाही. चल, आता टेम्पोत चढवायचाय. जरा तिकडून धरतोस?"

मेहुण्यानं मागे वळून पाहिलं, जॅक नक्की कुणाशी बोलतोय ते बघायला. मागे कुणीच नव्हतं. मग तो लगबगीनं उठला. सगळ्यांनी मिळून ऑर्गन चढवला आणि जॅकला मुद्दाम हलका कोपरा दिला. त्यानं तो निमूटपणे घेतला.

टेम्पो सुरू झाला तशी त्याची जीभ सैल झाली. "एक सांगू?" तो बायकोला म्हणाला. "दुसऱ्याची मदत घ्यायला फार मोठं मन लागतं. आपल्या मंडळीत माझ्याइतकी मदत घेणारा दुसरा कोणी दाखव."

बायकोनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"बरं, बरं," जॅक म्हणाला, आणि मेहुण्याला बसायला नीट जागा व्हावी म्हणून अंग चोरून बाजूला सरकला.