कडी डाव्या अंगाला

कृषी प्रदर्शनाच्या शनिवारी आमच्या गावात कवींची न्याहारी असते. एका बाजूला थेल्मा भल्यामोठ्या तव्यावर सॉसेज आणि अंडी परतत असते, आणि दुसऱ्या बाजूला उघड्या ट्रकवर चढून मेंढपाळ, मास्तर, ड्रायव्हर आपापली यमकं ऐकवत असतात. नियम एकच, हातात कागद धरायचा नाही. सगळ्यांना सगळ्यांच्या कविता पाठ असतात; कुणी अडलं की गर्दीतून पुढचा शब्द येतो, आणि तो पकडून मुकाट्यानं पुढे जायचं.

मला ही सवय बाबांनी लावली. कुंपण दुरुस्त करताना ते पकडीनं खांबावर तीन ठोके द्यायचे, की मी ओळ म्हणायची. मी अडले की शब्द तेच पुरवायचे. मागून आई तारा बांधत यायची आणि प्रत्येक तारेचं टोक आत वळवायची, माझे हात ओरखडू नयेत म्हणून. त्याच बाबांनी आईच्या दफनाच्या दिवशी, मी तिच्यावरची कविता म्हणायला उभी राहिले तेव्हा, सगळ्यांसमोर सांगितलं, "नोलीन, खाली बस. तमाशा नकोय." मी बसले नाही, निघून आले. त्याला बारा वर्षं झाली. दोन तासांच्या रस्त्यावर बाप राहतो आणि एक फोन होत नाही! मला त्यांचा राग होता, आणि रागाहून जास्त त्यांची आठवण येत होती, पण आधी कुणी बोलायचं यावर आम्ही दोघंही अडून बसलो होतो.

दर वर्षी मी त्याच दिवसाची कविता म्हणते. तिचा शेवट असा:

फाटक ओढून निघून आले, मागे वळून पाहिलं नाही,
कडी वाजली, कुत्रा भुंकला, पुढचं काही राहिलं नाही.

यंदा एवढं म्हणून मी थांबले, तर मागून खांबावर तीन ठोके पडले. मग बाबांचा घोगरा आवाज आला, "कडी आता..." सवयीनं मी तो शब्द पकडला, आणि पुढचं तोंडातून आपोआप येत गेलं:

कडी आता डाव्या अंगाला, उजवा हात उठत नाही,
लोटून बघ तू, पोरी, एकदा. फाटक काही रुतत नाही.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी ट्रकवरून उतरून थेट तव्यापाशी गेले.

"नवा शेवट!" थेल्मा म्हणाली. "बरं झालं बाई. जुना ऐकून दर वर्षी डोळे गळायचे आणि माझी अंडी खारट व्हायची."

"मागून शब्द कुणी दिला गं?"

"कुणी नाही. तूच कान देऊन उभी राहिलीस आणि सुरू झालीस. बस, खाऊन घे."

मी न खाताच गाडी काढली.

कडी खरंच डाव्या बाजूला होती. लोटल्याबरोबर फाटक जमिनीत न रुतता अलगद उघडलं. बाबा व्हरांड्यात बसले होते, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला.

"आलीस," ते म्हणाले. "चहा तुलाच करावा लागेल."

"हात कधीपासून असा?"

"हिवाळ्यापासून."

"कळवायचं नाही?"

"तोंड होतं का मला?" ते रस्त्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी तुला थांबवलं... मला ऐकवलं नसतं गं ते."

मी त्यांच्या गुडघ्याशी बसून पोटभर रडले. त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर होता.

"सकाळी आलीस ती परत का गेलीस?" त्यांनी मग विचारलं. "फाटकापाशी म्हणत होतीस की. अडलीस, म्हणून मी इथूनच शब्द दिला."

"सकाळी मी न्याहारीला होते, बाबा."

"मग कडी कुणी बदलली? हिवाळ्यापासून ती मला उघडत नव्हती. आज उठून बघतो तर डावीकडे. पकडीचे ठोकेही ऐकले मी. म्हटलं, पोरगी आली."

मी चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत फाटकापाशी जाऊन आले. कडी खांबाला नव्याकोऱ्या तारेनं बांधलेली होती. मी तारेवरून हळूहळू बोट फिरवलं. कुठंच टोचलं नाही. टोक आत वळवलेलं होतं.